मुकं रक्त

टेलरमास्तर आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि चहा नको म्हणाले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या रक्तात कुणीतरी खोट केलीय."

भावोजींचं बिस्किट नेमकं तेव्हाच कपात पडलं. ते चमच्याने शोधायला लागले.

या घरात वहिनी म्हणजे भावोजींच्या थोरल्या भावाची बायको. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावरही लोक आपापला गुंता घेऊन त्यांच्याच दारात येत राहिले. भावोजी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर होते. "जन्मभर चौकशीच्या खिडकीत बसले, पण चौकशी कशाशी खातात ते काही यांना कळलं नाही," असं वहिनी चारचौघांत म्हणायच्या आणि भावोजी हसायचे. गेल्या वर्षी भाऊ गेला. तेव्हापासून भावोजी रोज सकाळी इथे येत, चहा पीत, पेपर वाचत. फार दुःख झालं म्हणावं तर तसंही नव्हतं. बधिर केलेल्या दाढेसारखं झालं होतं, जीभ लावून बघावी आणि काही कळू नये. वहिनींचं काय होत होतं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

"सगळं सांगा मास्तर," वहिनी म्हणाल्या. "मी विचारत बसले तर मला हवं तेवढंच कळेल."

मास्तरांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. वेळेवर सापडली, कापून काढली, वरून केमो झाली. "त्या औषधाने जीव राहिला आणि बोटं गेली," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे धरले. बोटं जागच्या जागी होती. "दिसतात तशी. पण लागत नाही काही. सुई धरलीय की सुटलीय ते डोळ्यांनी बघावं लागतं. शिंप्याला यापेक्षा वाईट काय असणार?"

"आणि रक्ताचं?"

"दर काही महिन्यांनी तपासतात. ट्यूमर मार्कर म्हणतात त्याला. गाठ असली की रक्तात काहीतरी वाढतं, त्याचा आकडा. चाळिसाच्या आत असला तर ठीक. माझा कायम शून्याला चिकटलेला. यावेळी आला सहाशेच्या वर." मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "स्कॅनमध्ये जुन्या ऑपरेशनच्या जागी एक डाग आहे. नवे डॉक्टर म्हणतात, तो व्रणही असेल. पण आकडा एवढा म्हटल्यावर उघडून बघायलाच हवं. सोमवारी भरती व्हायचंय."

"ताजं रक्त घेऊन परत तपासायला सांगितलं असेल की."

"सांगितलं. मी हात दिला नाही. म्हटलं, ऑपरेशनच्या टेबलावर हवं तेवढं घ्या. शिरा जळाल्यात माझ्या औषधाने, सापडत नाहीत. आणि मला सुई सोसत नाही."

भावोजींना हसू फुटलं. "मास्तर, तुम्हाला सुई सोसत नाही?"

"हसा. बायकोही हसते," मास्तर न रागावता म्हणाले. "मग लॅबने त्या दिवशीचं उरलेलं रक्त ठेवलं होतं, तेच पुन्हा मशीनला लावलं. आकडा तोच."

"मग खोट आहे असं का वाटतं तुम्हाला?"

"मागच्या वेळी अन्न तुटलं होतं. पाठ भरून यायची. आता भूक लागते, झोप लागते. पण खरं सांगायचं तर त्यामुळेही नाही. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातलं जहाज बघत होतो. घाबरायला हवं होतं ना? मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय."

भावोजींनी चमचा खाली ठेवला. हे त्यांना ओळखीचं वाटलं.

"संशय कुणाचा?" वहिनींनी विचारलं.

"धाकट्याचा. माझा भाऊ. पुढे दुकान, मागे घर. दुकानात आम्ही दोघं. पण वर्षभर बोलणं नाही."

"कशावरून?"

"मी दिवसा शिवायचो, आणि दुकान बंद झालं की तो माझे टाके उसवून पुन्हा घालायचा. काजं, बटणं, सगळं. गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर माझी तारीफ करायची आणि शिलाई असायची त्याची. मला उशिरा कळलं. म्हटलं, मी अजून मेलो नाहीये. तो काही बोलला नाही. लहानपणापासून तसाच. लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, याच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो." मास्तरांनी खांदे उडवले. "मी आडवा झालो की दुकान त्याचं. आणखी काय कारण हवं?"

"नव्या डॉक्टरांच्या आधी कोण होते?"

"म्हातारे डॉक्टर. गेले मुलीकडे राहायला. फार गमत्या माणूस. पहिल्यांदा गाठ निघाली, चांगली लिंबाएवढी, तेव्हाही हा आकडा शून्यच होता. तर मला म्हणाले, मास्तर, तुमचं रक्त मुकं आहे, याच्यावर आपण विसंबायचं नाही. पण लॅबच्या ठरलेल्या तपासण्यांत ही एक असतेच, म्हणून होत राहिली."

वहिनींनी मान हलवली. "आता रक्त काढलं तो दिवस सांगा."

"मी पलंगावर पडतो, तोंडावर टॉवेल. बघवत नाही. लॅबचा माणूस घरी येतो. यावेळी त्याने दोन्ही हात चाळण करून टाकले. मी ओरडलोही असेन. बायको गरम पाण्याची पिशवी करायला आत गेली, शेकलं की शीर वर येते म्हणून. तेवढ्यात तो म्हणाला, झालं काका. ती पिशवी घेऊन आली तेव्हा तो सामान आवरत होता."

"कापूस ठेवून हात दुमडायला लावला?"

मास्तरांनी विचार केला. "नाही. एरवी लावतो. यावेळी नाही लावला."

मास्तर गेले. वहिनींनी भावोजींच्या कपाकडे पाहिलं. "तो गाळ आता पिऊ नका. चपला घाला."

*

दुकान अरुंद होतं. लांब टेबलावर निळा खडू, कात्री आणि अर्धा कापलेला करडा कोट. धाकटा उभा राहून कॉलर टाचत होता. उंच, हडकुळा माणूस. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पण पँट अशी चापून चोपून बसली होती की भावोजींना हेवा वाटला. आपल्यालाही अशी एक शिवून घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं. डोळे मात्र पिवळट. पीत असणार, भावोजींनी मनाशी नोंद केली.

"दादाने पाठवलं तुम्हाला," धाकटा म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"हो. त्या दिवशी रक्त काढलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथे. कापत होतो."

"आतलं काही ऐकू आलं?"

"मधे नुसतं दार आहे." त्याने मनगटाच्या वर कराकरा खाजवलं. "लोकरीचं कापड. अंगाला खाज सुटते."

"मास्तर ओरडत होते म्हणे."

सुई बोटात गेली. त्याने बोट तोंडात घातलं, चोखलं, आणि पुन्हा टाका घेतला. रक्ताचा ठिपका कापडावर पडू नये म्हणून हाताला लागलेली ती सवय असावी, कारण त्याचं लक्षही नव्हतं.

"ऑपरेशन करू देऊ नका त्याचं," तो एकाएकी म्हणाला.

"का?"

"गरज नाही."

"हे तुम्ही कसं सांगता?"

त्याने पुन्हा कॉलर उचलली. वहिनींनी वरच्या खुंटीवरचा कोट दाखवायला सांगितलं. तो वळला, हात वर करून कोट काढला. वहिनी मागून बघत होत्या, पण कोटाकडे नव्हे.

"पँट छान बसलीय हो तुमची. नवी?"

"जुनीच आहे. आत घेतली थोडी."

आतल्या खोलीत मास्तरांची बायको जमिनीवर बसून दुकानातल्या चिंध्या निवडत होती. त्यांची पायपुसणी करून ती विकायची. बाजूला भरलेली पिशवी तयार होती, टॉवेल, पेला, साबण. हॉस्पिटलची.

"मागच्या वेळी इतकं रडले की आता विहीर आटली," ती हात न थांबवता म्हणाली. "हे सांगत होते आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. बायको म्हणवून घ्यायची लाज वाटते मला."

"त्या दिवशी तुम्ही पाणी तापवायला गेलात. परत आलात तेव्हा खोलीत कोण होतं?"

"हे, आणि तो लॅबवाला. नळी भरलेली होती. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे."

"दीर?"

"ते कशाला येतील? उंबरा ओलांडत नाहीत ते वर्षभर. दुकानातच बसलेले होते." ती दुकानातून आणलेली टोपली उलटी करून झटकायला लागली. "बघा हे. मी यांना हजारदा सांगते, टोपली चिंध्यांची आहे, उकिरडा नाही. कुणी खडू टाकतो, कुणी मोडक्या सुया. त्या दिवशी तर रक्ताचा कापूस होता. सुई टोचून घेतली असेल दिरांनी. माझ्या नखात गेली असती तर?"

"मोठा होता कापूस?"

"होता की. चांगला गोळा."

बाहेर पडल्यावर भावोजींना राहवलं नाही. "वहिनी, आता काय उरलं? चोराच्या मनात चांदणं. ऑपरेशन होऊ देऊ नका म्हणतो. म्हणजे भाऊ उपचाराविना मरावा. आणि आधी नळीत काहीतरी कालवलं असणार."

"बंद नळीत? बुचातून? आणि मग त्याच आजारावरचे उपचार थांबवायला सांगतो? भावोजी, एका हाताने आग लावून दुसऱ्या हाताने बंब बोलावणारा माणूस बघितलाय का तुम्ही?"

भावोजींनी तसा बघितला नव्हता.

लॅबचा माणूस त्यांना लॅबच्या मागच्या बाजूला सापडला. स्कूटरला थंड खोकं बांधत होता. चाळिशीतला, घामेजलेला. वहिनींनी मास्तरांचं नाव काढताच खोक्याचा पट्टा त्याच्या हातून सुटला.

"त्रास नाही झाला हो काही. पहिल्याच टोचण्यात मिळालं."

"नशीबवान आहात. आणि कापूस?"

"ठेवला ना. काकांनी स्वतः धरला दाबून."

"नळ्या एकमेकींत मिसळल्या नसतील?"

"नाही, नाही. देवाशपथ," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याने पहिल्यांदाच डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं.

वहिनी आत जाऊन लॅबच्या डॉक्टरीणबाईंना भेटल्या. त्यांनीही तेच सांगितलं. मास्तरांचं घर त्या दिवशीचं पहिलंच होतं, आणि नळी थेट लॅबमध्ये आली. खोक्यात दुसरी नळी नव्हतीच. पुढचं भावोजींना दारातून तुटक तुटक ऐकू आलं. "जन्मापासूनच? ... मग काही झालं तरी? ... आणि साध्या खड्याने वाट अडली तरी वाढतो? ... बरं. नव्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? आजच."

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. असं फारसं होत नसे. उकल हाती लागली की त्यांना भूक लागायची, आणि भावोजी भजी शोधायला निघायचे. आज त्या नुसत्या म्हणाल्या, "रविवारी दुपारी सगळ्यांना दुकानात बोलवा. लॅबवाल्यालासुद्धा. सोमवारच्या आत हे व्हायला हवं."

"कुणी केलं ते कळलं?"

"कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं."

*

रविवारी दुकान बंद होतं. शटर अर्धं खाली. मास्तर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, बायको उंबऱ्यावर. धाकटा टेबलापाशी उभा होता, गळ्यात टेप. लॅबवाला दाराजवळ, म्हणजे पळता येईल अशा जागी. भावोजी मुद्दाम त्याच्या आणि शटरच्या मधे जाऊन उभे राहिले.

"मास्तर, पहिली गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "ते सहाशेचं रक्त तुमचं नाही."

बायकोने उंबऱ्यावरून मान वर केली.

"तुमचे म्हातारे डॉक्टर गंमत करत नव्हते. काही थोड्या माणसांच्या रक्तात हा पदार्थ तयारच होत नाही. जन्मापासूनच. ज्याचं रक्त असं मुकं, त्याला कॅन्सर असो नसो, आकडा शून्याजवळच राहतो. लिंबाएवढी गाठ होती तेव्हा जे रक्त बोललं नाही, ते आता एका डागासाठी कसं ओरडेल? मुकं जन्मलेलं म्हातारपणी बोलायला शिकत नाही. नव्या डॉक्टरांनी अलीकडचे शून्य पाहिले आणि उडी पाहिली. गाठीच्या वेळचा शून्य त्यांच्यासमोर आलाच नाही."

"म्हणजे मला काही नाही?"

"तसं म्हणू नका. तुमचा शून्यही मुका आहे, त्याच्यावर निजायचं नाही. तो डाग स्कॅननेच पुन्हा बघायचा. पण उद्या पोट उघडायचं नाही. डॉक्टरांना पटलंय. उद्या ते तुमचं ताजं रक्त घेतील, आणि तोंडावरचा टॉवेल मी धरणार आहे."

मास्तरांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तर तसेच बसून राहिले. "मग रक्त कुणाचं?"

"आधी मला वाटलं, दुसऱ्या पेशंटचं. पण खोक्यात दुसरी नळी नव्हती. म्हणजे नळी याच घरात, त्याच वेळात भरली गेली. घरात माणसं चार. मास्तर, तुमच्या हातावर कापूस ठेवला नाही. का? कापूस ठेवतात ते रक्त आलं तर. तुमच्या शिरेतून आलंच नव्हतं." वहिनी लॅबवाल्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणता एकदाच टोचलं, आणि कापूस काकांनी धरला. मास्तर म्हणतात दोन्ही हात चाळण झाले, आणि कापूस नव्हता. खोटं बोलायचं कारण मास्तरांना नाही."

लॅबवाला शटरला टेकला. भावोजी थोडे सरकले.

"कापूस होता मात्र," वहिनी म्हणाल्या. "दुकानाच्या चिंध्यांत. ताईंना वाटलं, दिरांनी सुई टोचून घेतली. पण शिंप्याला सुई टोचली तर तो बोट तोंडात घालतो. माझ्यासमोर घातलं. कापसाचा गोळा दाबून धरायचा तर कोपराच्या आत, शिरेवर. रक्त आतल्या खोलीत काढलं, मग कापूस दुकानात कसा आला? ज्याच्या हातावर होता, तो घेऊन आला. आणि दुकानात एकच माणूस होता."

मास्तर वळले. भावाकडे पाहिलं नाही, त्याच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. "मला अडकवायला?" ते म्हणाले. "स्वतःचं रक्त घालून?"

"मलाही तसंच वाटलं होतं," भावोजी पुटपुटले.

"तुम्हाला जे वाटतं त्याच्या उलट धरून चाललं की मी सहसा पोचते," वहिनी म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. "मास्तर, जो माणूस तुमचे टाके रात्री मुकाट्याने उसवून शिवतो, तो अडकवणारा नव्हे. तो तुमच्या पाठीमागे तुमचं काम करून टाकतो, आणि सांगत नाही. हेच त्याने पुन्हा केलं. एवढंच झालंय."

आता सगळे धाकट्याकडे बघत होते. त्याने टेबलावरचा खडू उचलला, ठेवला.

"तो ओरडत होता," धाकटा म्हणाला.

पुढचं लॅबवालाच बोलला. "काकांची शीर मिळतच नव्हती. मी रडकुंडीला आलो होतो. हे दारात येऊन उभे राहिले. एक शब्द नाही. बाही वर केली आणि हात पुढे केला. मी म्हटलं, असं कसं? त्यांनी नुसतं काकांकडे बोट दाखवलं. दर वेळी शून्यच येतो, म्हटलं, काय फरक पडतो. नोकरी जाईल माझी, बाई."

"जाईलही. तुमच्या डॉक्टरीणबाईंना तुम्हीच सांगा, इथून निघाल्यावर. काय फरक पडतो ते आता बघा."

मास्तरांची बायको उंबऱ्यावरून हळूच उठली. तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "म्हणजे तो आकडा," ती म्हणाली आणि थांबली.

"हो ताई," वहिनी म्हणाल्या. "तो आकडा यांचा."

धाकट्याने मान खाली घातली.

"यांची पँट बघा. भावोजींना तिचा हेवा वाटला. कंबरेच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रांगा आहेत. म्हणजे ती एकदा नाही, दोनदा आत घेतलीय. शर्ट लोंबतोय, कारण शर्ट आत घ्यायला सवड झाली नाही. अंगाला खाज आहे, ती लोकरीची नाही. डोळे पिवळे आहेत, ते दारूने नाहीत. भूक केव्हापासून नाही?"

"होळी... नाही, आठवत नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

"आकडा आला तेव्हाच तुम्हाला कळलं."

"हो."

"आणि गप्प राहिलात," मास्तर म्हणाले. वर्षभरात त्यांनी भावाला थेट म्हटलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही परक्यासारखं, अहो-जाहो करून.

धाकट्याने तोंड उघडलं. "रोज सांगणार होतो. तू समोर बसायचास, मी कापत असायचो. म्हणायचं, हा कोट झाला की सांगू. ते तुझ्या नावावर होतं दादा. तुझ्या नावावर होतं तोवर ते माझं नव्हतं. सोमवारी सकाळी नक्की सांगणार होतो. तुला आत नेऊ दिलं नसतं." त्याने हातांनी डोळे चोळले. "मला वाटतं, दिलं नसतं."

"आणि तो आकडा म्हणजे तेच?" मास्तरांची बायको म्हणाली. "नक्की तेच का?"

"नाही ताई. तेच कुणालाही नक्की सांगता येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "आकडा बोट दाखवतो, नाव घेत नाही. पित्ताच्या वाटेत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात, आणि हा आकडा वाढतो. गाठ असली तरी वाढतो. स्कॅन केल्याशिवाय कळायचं नाही. खाटेची सोय आहेच उद्याची. मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय, माणूस बदलेल म्हणून."

हे बोलून झाल्यावर वहिनींकडे सांगायला काही उरलं नाही. लॅबवाला शटरखालून वाकून निघून गेला, आणि भावोजींनी त्याला जाऊ दिलं. थोरल्या भावाची शेवटची खाट त्यांना आठवली. वर्षभर ती आठवायची आणि काही व्हायचं नाही. आता झालं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनी त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मास्तर स्टुलावरून उठले. टेबलाला वळसा घालून भावासमोर आले. नुसत्या नजरेने कुणाच्याही छातीचं माप सांगणारा माणूस, पण या एका माणसाकडे त्याने वर्षभर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. खांदे, गळा, छाती, मग कंबर. भावाच्या गळ्यातला टेप त्यांनी ओढून घेतला आणि त्याच्या कंबरेभोवती फिरवला. टोकं कुठे जुळतात ते बोटांना कळेना, म्हणून खाली वाकून, चष्मा वर करून पाहिलं.

"चौतीस होती," मास्तर म्हणाले.

"हो."

"तीस."

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग त्या कंबरेच्या शिवणीवरून, जुन्या भोकांच्या रांगांवरून, अंगठा फिरवला. अंगठ्याला लागलं काहीच नसणार.

"आत घेतलंस तेव्हा जादाचं कापड कापून टाकलंस?"

"नाही दादा. आतच दुमडलंय."

"मग बरं झालं," मास्तर म्हणाले. "परत सैल करता येईल. उद्या तू आत जा, मी बाहेर बसतो."